पाण्यात सोडलेला पारा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला निमंत्रण द्यायला सचिव घरी आले तेव्हा म्हणाले, "काका, सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे. बँकेतल्या गमतीजमती सांगा, लोकांना आवडतात." मी म्हटलं, सांगतो. दोन दिवसांनी विषय कळवला, तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला. जड धातूंमुळे पाण्यातल्या जिवांचं काय होतं, हा काय जेवणाआधी बोलायचा विषय आहे? पण यात बँकेतली एक गोष्ट आहे. ती गमतीची नाही, आणि आजवर मी ती घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. तिथपर्यंत यायला थोडा वेळ लागेल, तोवर सांभाळून घ्या.

आधी त्या कठड्यापलीकडे बघा. आता अंधार आहे, पण दिवसा इथून खाडीची एक पट्टी दिसते. आपण राहायला आलो तेव्हा बरीच दिसायची, मधे टॉवर नव्हते. हिवाळा लागला की तिथं फ्लेमिंगो येतात आणि पार मे महिन्यापर्यंत असतात. 2015 साली शासनानं ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि 2022 मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आपल्यातले बरेच जण मोबाइल घेऊन फोटो काढायला जातात. त्या पक्ष्याचं खाणं कधी नीट बघितलंय का? मान खाली घालून, चोच उलटी करून तो पाणी आणि चिखल गाळत असतो. म्हणजे चिखलात जे असेल त्याच्याशी त्याचा रोजचा संबंध.

आणि चिखल म्हणजे खाडीचा स्ट्राँगरूम आहे. सांडपाणी कुजतं, निर्माल्य कुजतं, मेलेलं जनावर कुजतं. धातू कुजत नाही. पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मंडळी पाण्यात आली की गाळाच्या कणांना चिकटतात आणि तळाला जाऊन बसतात. शिसं शंभर वर्षांनी काढलंत तरी शिसंच. काही धातू शरीराला लागतातही, पण अगदी थोडे. तांब्याचंच घ्या. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आम्ही दोघं रोज सकाळी पितो, आमच्या सौ.चा त्यावर फार विश्वास. माशाचं मात्र तसं नाही. नदीतला मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि अंगाला लागणारं मीठही कल्ल्यांतूनच आत ओढतो. पाण्यात विरघळलेलं तांबं नेमकं तिथंच जाऊन बसतं आणि ते काम बंद पाडतं. अमेरिकेत सामन माशांवर प्रयोग झाले. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश, एवढ्या तांब्यानंही त्या माशाचं नाक बधिर होतं. मग शिकारी मासा जवळ आल्याचा वास त्याला येत नाही. मासा मरत नाही हो, पोहत असतो, फक्त पळायचं कधी ते त्याला कळत नाही. हे तांबं येतं कुठून, तर गाड्यांचे ब्रेक झिजून, रस्त्यावरच्या धुळीतून, पावसाच्या पाण्याबरोबर. वॉशिंग्टन राज्यानं 2010 मध्ये ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करण्याचा कायदाच केला. आपल्या पार्किंगमध्ये गाड्या किती आहेत ते कमिटीला विचारा, तो आकडा मी इथं सांगत नाही, नाहीतर सभा पार्किंगवर जाईल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटावर मिनामाता नावाचं गाव आहे. समुद्राच्या आत आलेला शांत उपसागर, कडेनं कोळ्यांच्या वस्त्या, आणि गावात एक मोठा रासायनिक कारखाना, चिस्सो कंपनीचा. 1932 पासून तिथं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनायला लागलं. प्लॅस्टिकच्या धंद्याला ते लागायचं. ते बनवताना पारा वापरत. त्यातला काही पारा मिथिल मर्क्युरी या फार विषारी रूपात बदलायचा आणि सांडपाण्याबरोबर उपसागरात जायचा. कंपनी म्हणजे गावाचं पोट. नगरपालिकेच्या करउत्पन्नातला अर्ध्याहून जास्त भाग एकट्या कंपनीकडून यायचा. कोळ्यांनी मासे कमी झाल्याची तक्रार केली की कंपनी थोडी भरपाई देऊन मोकळी व्हायची. 1926 मध्ये दिली, 1943 मध्ये दिली.

पहिल्यांदा कळलं ते जनावरांना. 1950 नंतर मासे पाण्यावर उलटे तरंगायला लागले. शिंपल्या मेल्या, समुद्री शेवाळ वाढेना. उडता उडता कावळे खाली पडायला लागले. आणि मांजरं! कोळीवाड्यात मांजर किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. ती मांजरं तोल जाऊन गोल गोल फिरायची, झटके यायचे, काही जण म्हणायचे नाचतात. काही तशीच समुद्रात पडून मेली. 1954 साली तिथल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, ती अशी की एका वस्तीतली मांजरं मरून गेल्यामुळे उंदीर माजले आहेत आणि लोक हैराण झाले आहेत. बातमी उंदरांची होती! मांजरं का मेली हा प्रश्न तेव्हा कुणाला फार मोठा वाटला नाही.

1953 ते 1957 या चार वर्षांत तिथल्या मच्छीमारांच्या हाती लागणारी मासळी 91 टक्क्यांनी घटली. शंभर रुपयांचे नऊ रुपये झाले, असं समजा.

1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अनोळखी रोग गावात पसरतो आहे. दोन लहान बहिणी आल्या होत्या. चालता येईना, बोलता येईना, हातात काही धरता येईना. आपण 1 मे ला खाली झेंडावंदन करतो, तेव्हा दरवर्षी माझ्या मनात ही तारीखही येऊन जाते. महाराष्ट्र त्यानंतर बरोब्बर चार वर्षांनी झाला. सुरुवातीला लोकांना वाटलं रोग संसर्गजन्य आहे. आजारी माणसांना वेगळं ठेवलं, घरांवर औषध फवारलं, शेजाऱ्यांनी संबंध तोडले. रोगी सगळे कोळ्यांच्या घरातले. गरीब माणूस, मासळीवर जगणारा, तो रोज तेच खाणार.

आता हा पारा समुद्राच्या एवढ्या पाण्यात पातळ होऊन का गेला नाही? इथं माझं बँकेचं शिक्षण उपयोगी पडतं. चक्रवाढ व्याज आपल्या सगळ्यांना कळतं. पाण्यात पारा अगदी नगण्य असतो. तो सूक्ष्म वनस्पती घेतात. त्या खाणारे बारीक जीव रोज रोज त्या खातात. पारा अंगात येतो लवकर आणि बाहेर जातो फार हळू, म्हणजे खात्यात भरणा रोजचा आणि काढणं जवळजवळ नाही. त्या जिवांना लहान मासा खातो, त्याला मोठा मासा, त्याला पक्षी, मांजर किंवा माणूस. प्रत्येक पायरीला मागची सगळी शिल्लक मुद्दलात जमा होते. शेवटच्या मोठ्या माशात पाण्यातल्यापेक्षा दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त मिथिल मर्क्युरी सापडू शकते. म्हणून पाण्याचा नमुना तपासून "सर्व ठीक" म्हणणं म्हणजे रोजचा गल्ला बघून मुदत ठेवीचा अंदाज बांधण्यासारखं आहे. हे विष माशाच्या चरबीत नाही, मांसातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. त्यामुळे कापून टाकता येत नाही आणि तळल्यानं, उकडल्यानंही जात नाही.

मेलेलं जनावर दिसतं तरी. न मेलेल्याचं नुकसान दिसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर लून नावाचा मासे खाणारा पक्षी आहे. अंगात पारा वाढलेले लून सुस्त होतात, अंडी उबवायला पुरेसं बसत नाहीत, त्यांची पिल्लं कमी जगतात. तळ्यावर तुम्हाला पक्षी दिसतोच आहे. त्याची पुढची पिढी कमी होते आहे हे वर्षानुवर्षं मोजणाऱ्यालाच कळतं.

माणसातही तसंच झालं. मिनामातात काही आयांना त्रास जवळजवळ नव्हता आणि पोटची मुलं मात्र गंभीर आजारी जन्मली. आईच्या वाटचं विष वारेतून गर्भात गेलं होतं. जपानी लोकांत बाळाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. पुढं शास्त्रज्ञांनी त्या नाळा तपासल्या आणि कोणत्या वर्षी किती पारा होता याचा हिशोब त्यातून मिळाला. आयांनी मायेनं ठेवलेल्या डब्या, आणि त्यातून निघालं काय!

डॉक्टर होसोकावांकडे परत जाऊ. या माणसानं 1959 मध्ये कारखान्यातलं सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना घालायला सुरुवात केली. त्यातल्या 400 क्रमांकाच्या मांजराला ऑक्टोबरमध्ये तोच रोग झाला. तोच तोल जाणं, तेच झटके. म्हणजे डॉक्टरला कळलं आणि कंपनीलाही कळलं. कंपनीनं प्रयोग थांबवायला सांगितले. निष्कर्ष बाहेर आला नाही. डॉक्टर गप्प राहिले. 1970 साली, कर्करोगानं अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी कोर्टापुढं साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते गेले. मधली अकरा वर्षं त्या माणसाला झोप कशी लागली असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. का ते सांगतो आहेच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवली. सायक्लेटर तिचं नाव. मोठा समारंभ केला. कंपनीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यातलं म्हणून पाणी पेल्यातून पिऊन दाखवलं. प्रत्यक्षात ॲसिटाल्डिहाइडच्या विभागातलं पाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं. पुढं खटल्यात हेही बाहेर आलं की ती यंत्रणा मिथिल मर्क्युरी काढण्यासाठी नव्हतीच, लोकांचं समाधान करण्यासाठी होती. आणि 30 डिसेंबर 1959 ला आजारी लोकांबरोबर करार झाला. वर्षाला प्रौढाला एक लाख येन, मुलाला तीस हजार, आणि एक कलम असं की उद्या सांडपाणीच कारण ठरलं तरी जास्तीची भरपाई मागायची नाही. कराराची कलमं लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, पण असलं कलम मी पाहिलेलं नाही. 1973 मध्ये कोर्टानं ते रद्दबातल ठरवलं.

त्या समारंभानंतर लोकांना वाटलं प्रश्न मिटला. पारा 1968 पर्यंत जातच राहिला. मधे 1965 मध्ये निइगाता भागात एका दुसऱ्या कंपनीच्या सांडपाण्यानं तोच रोग पुन्हा झाला.

आता माझी गोष्ट.

1980 नंतरची वर्षं. एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. स्कूटरवरून युनिट तपासत फिरायचं आणि रिपोर्ट लिहायचे. एक तरुण मुलगा कर्जाला आला. डिप्लोमा झालेला, वडील गिरणीत होते आणि 82 च्या संपात घरी बसलेले. त्याला क्रोम प्लेटिंगचं युनिट टाकायचं होतं. नळ, शॉवर, सायकलची हँडलं चकचकीत करायची. हुशार, मेहनती, कागदपत्रं चोख. माझ्या मनात भरला. प्रकल्प अहवाल त्याच्याबरोबर बसून मीच नीट करून दिला.

क्रोम प्लेटिंगचं पाणी पिवळं असतं. त्यातलं क्रोमियम फार विषारी जातीचं. त्याच्यावर उपाय आहे आणि तो काही अवघड नाही. आम्ल पाण्यात सोडियम बायसल्फाइट घालायचं, क्रोमियम कमी विषारी रूपात येतं, पाणी हिरवट होतं. मग चुना घालायचा, म्हणजे ते गाळ होऊन खाली बसतं. गाळ वेगळा काढून नीट विल्हेवाटीला पाठवायचा. यासाठी दोन टाक्या, पंप, ढवळणी असं सगळं अहवालात होतं. टर्म लोनमध्ये त्याचे पैसे आम्ही दिले. पण ते रोज चालवायला रसायनं, वीज आणि एक माणूस लागतो, तो खर्च मासिक कोष्टकात कुठंच नव्हता. ते कोष्टक माझ्या हातचं होतं. तो रकाना मी रिकामा सोडला, कारण तो भरला असता तर हप्ता बसत नव्हता आणि प्रकरण मंजूर होत नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी तपासणीला गेलो. युनिट जोरात चाललं होतं, दहा-बारा पोरं कामाला. मागं जाऊन बघितलं. टाक्या होत्या, वर पाटी होती, पंपाला छान हिरवा रंग होता. पंपाला पट्टा नव्हता. टाकीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. भिंतीखालून एक पाइप नाल्यात गेला होता आणि नाल्याचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "साहेब, हे रोज चालवलं तर तुमचा हप्ता कुठनं भरू?" मी काही बोललो नाही. त्यानं चहा मागवला, मी प्यालो.

रिपोर्टात लिहिलं, "प्रकल्प अहवालात नमूद केलेली सर्व यंत्रसामग्री जागेवर सुस्थितीत आढळली." एक शब्दही खोटा नाही. खाली सही.

बाहेर पडलो तर नाल्याच्या तोंडाशी एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. मला म्हणाला, "सायेब, पयले हितं निवट्या उड्या मारायच्या. आता एक दिसत नाय." निवटी तुम्ही पाहिली असेल, ओहोटीच्या चिखलावर डोळे बाहेर काढून उड्या मारत चालणारा तो लहान मासा. ती चिखलातच बीळ करते, तिथंच अंडी घालते, ओल्या कातडीनंही श्वास घेते. तिला चिखल सोडून जाता येत नाही. मी "हो का?" म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

तो नाला एका युनिटनं बिघडलेला नव्हता, वर अजून बरीच युनिटं होती, हे मला माहीत आहे. तेव्हाही ते मी स्वतःला सांगितलं होतं. ते कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत वेळेवर फिटलं. उत्कृष्ट वसुलीबद्दल मला वरच्या ऑफिसचं पत्र आलं. ते आजही माझ्या फाइलमध्ये आहे.

मिनामाताची हकीकत मी निवृत्तीनंतर वाचली. सायक्लेटरच्या परिच्छेदाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. सौ.नं विचारलं काय झालं, तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग आता सांगा की लोकांना." त्याला दहा वर्षं झाली. आज सांगितली.

मिनामाताचं पुढं काय झालं ते थोडक्यात. कारखान्याच्या पाइपाच्या तोंडाशी गाळात टनामागे दोन किलो पारा निघाला. इतका, की कंपनीनं नंतर तो गाळातून काढून विकण्याचाही उद्योग केला. उपसागराच्या तोंडाशी 1974 पासून जाळं लावलं, आतला मासा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि ते 1997 मध्ये काढलं. तेवीस वर्षं समुद्राला कुलूप! 1977 ते 1990 गाळ उपसून 58 हेक्टर भराव घातला, त्याचा खर्च सुमारे 4,850 कोटी येन. 2001 पर्यंत सरकारनं मान्य केलेले रोगी 2,265 होते आणि त्यातले बहुतेक तोवर वारले होते. पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचंच नाव दिलं आहे. तो ऑगस्ट 2017 मध्ये लागू झाला, भारतानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली.

2017 म्हटल्यावर मला आपलं 2017 आठवतं. त्या वर्षी आपण जिने, पार्किंग आणि गच्चीवरच्या सगळ्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावले. खजिनदार मी. विजेचं बिल किती खाली आलं ते मी वार्षिक सभेत अभिमानानं सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. जुन्या ट्यूब 74 होत्या. भंगारवाला म्हणाला काच नको. मग वॉचमननं त्या पंपरूमच्या मागं फोडून पोत्यांत भरल्या, कारण आख्ख्या पोत्यात मावेनात. दोन-चार पोती महिनाभर पावसात नाल्याच्या कडेला पडून होती. प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फोडली की थोडा वाफ होऊन उडतो, बाकीचा आतल्या पांढऱ्या पावडरीला चिकटलेला राहतो, तो पाण्याबरोबर जातो. वॉचमनला दोष देऊ नका, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पारा असलेले दिवे ई-कचऱ्यात वेगळे द्यायचे, हे 2016 च्या नियमांतच आलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. कचरा वाहतुकीच्या व्हाउचरवर सही माझीच आहे, फाइल ऑफिसात आहे, बघता येईल.

74 ट्यूबनी खाडी मेली असं मी म्हणत नाही. पण या पट्ट्यात सोसायट्या किती आहेत बघा.

सगळं अंधारलेलंच नाही. इंग्लंडमधल्या हंसांचं सांगतो. तिथं गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक दोरीला शिशाचे लहान लहान गोळे लावत. ते पाण्यात पडायचे. हंसाला दात नाहीत. खाल्लेलं दळायला तो वाळू-खडे गिळतो आणि ते पोटातल्या एका जाड स्नायूच्या पिशवीत राहतात. खडे म्हणून तो शिशाचे गोळेही गिळायचा आणि ती पिशवी ते दळून रक्तात सोडायची. शिशानं स्नायू लुळे पडत. मान खाली वाकायची, घशात अन्न भरलेलं आणि ते खाली सरकत नाही. भरल्या घशानं हंस उपाशी मरायचे, दरवर्षी हजारोंनी. 1987 मध्ये असे लहान शिशाचे गोळे विकायला बंदी आली. दुसऱ्या धातूचे गोळे बाजारात आले, लोकांची हौस काही थांबली नाही, आणि हंस पुन्हा वाढले. थेम्स नदीवर दरवर्षी जुलैत हंसांची मोजणी करायची जुनी प्रथा आहे, म्हणून तिथं आकडे होते. मोजत असलं की निदान बिघडलेलं कळतं तरी.

आता कमिटीला माझी एक विनंती, तिला ठरावाचं रूप द्यायचं तर सूचक मी, अनुमोदक शोधावा लागेल. ए विंगच्या जिन्याखाली मी स्वखर्चानं दोन झाकणाचे डबे ठेवतो आहे. एकात जुने सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या, दुसरा उंच आहे, त्यात ट्यूब आणि सीएफएल, न फोडता. भरले की अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांना बोलवायचं काम माझं. पाऱ्याचा थर्मामीटर घरात फुटला तर झाडू मारू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नको. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदानं गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत घाला आणि ती बाटली माझ्याकडे आणून द्या. मीही लहानपणी तो पारा तळहातावर खेळवला आहे, म्हणून सांगतो. गणपतीच्या रंगांतही शिसं, क्रोमियम असू शकतं. आपण 2019 पासून कृत्रिम हौदात विसर्जन करतो ते चांगलंच आहे, पण हौदातला गाळ नंतर कुठं जातो हे एकदा विचारून घ्या.

भाषणाआधीच बी विंगमधल्या वहिनींनी मला विचारलं होतं, "मग काका, मासे खायचे की नाही?" खायचे हो! मी देशस्थ असूनही लग्नानंतर खायला लागलो, ते सोडणार नाही. मघाचं चक्रवाढ व्याज आठवा, म्हणजे उत्तर आपोआप येतं. साखळीत खाली असलेले, लहान, थोडं आयुष्य असलेले मासे बरे. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी. मोरीसारखे मोठे शिकारी मासे जपून. अमेरिकेत गरोदर बायकांना आणि लहान मुलांना शार्क आणि सुरमईच्या कुळातला मोठा मासा टाळायलाच सांगतात. सून किंवा मुलगी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको. मी बँकवाला माणूस.

सचिव मघापासून घड्याळ दाखवताहेत. खाली जेवण तयार आहे आणि ते शाकाहारी आहे, त्यामुळे निदान आज तरी वहिनींच्या प्रश्नाची अडचण नाही. डब्यांच्या किल्ल्या ए-203 मध्ये, दुपारी दोन ते चार सोडून कधीही बेल वाजवा.